पेटीचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार जुळत नाही, चूक कुणाची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत राहते, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा गाणं शिकायला लागले आहे. लहानपणी चार वर्षं पेटीवर शिकले होते, मग संसारात सुटलं. आता मिरजेला आठवड्यातून दोनदा जाते. माझी पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा माझा सा.

दिवाळीत सतारमेकर गल्लीतून तंबोरा घेतला. त्याआधी रियाज पेटीवरच चालायचा. तंबोरा घरी आला आणि माझं गणितच बिघडलं. मोबाइलवरच्या ट्यूनरने पेटी तपासली, सगळे सूर काट्यावर बरोबर. तंबोराही त्याच ट्यूनरने लावला, पंचम, जोड, खर्ज, सगळं हिरवं. पण पेटीवर गंधार धरून तंबोरा छेडला की दोघांत काहीतरी घासल्यासारखं होतं. सा धरला तर होत नाही, पंचम धरला तर जवळजवळ नाही. गंधाराला मात्र पोटात कालवल्यासारखं होतं.

गेल्या सोमवारी गुरुजींनी भूप रागाचा आलाप मध्येच थांबवला. म्हणाले, "गंधार चढतोय. पेटी बंद करा आणि खर्जाच्या तारेत गंधार ऐका." मला वाटलं, खर्जाच्या तारेत गंधार कुठून येणार? ती तर सा ला लावलेली. त्यांनी खर्जाची तार एकटीच छेडली, डोळे मिटायला सांगितलं आणि स्वतः अगदी हळू आवाजात गंधार लावला. तो लागताक्षणी तारेतला गंधार मला उघड ऐकू आला. आधी तो तिथेच होता, मलाच दिसत नव्हता. आणि तो माझ्या पेटीच्या गंधारापेक्षा उतरलेला होता, यात शंका नाही.

घरी येऊन पुन्हा तपासलं. पेटी चुकलेली नाही, तंबोरा चुकलेला नाही, तरी दोन गंधार आहेत. इथे पेटी बनवणारे, सतार वाजवणारे, गणितवाले सगळेच आहेत. समजावून सांगाल का? मला शाळेतलं गणित आठवतं, त्यापुढचं नाही.

भातावाले

ताई, तुमची पेटी बिघडलेली नाही. पेटी अशीच असते. गेली सव्वीस वर्षं मिरजेत पेट्या जुळवतोय, माझ्या वडिलांनीही हेच केलं. आमच्याकडं गिऱ्हाईक पेटी आणतं तेव्हा बाराही सूर सारख्या अंतरावर लावून मागतं, कारण आज काळी पाचवाला वाजवणार, उद्या पांढरी एकवाला. सगळ्यांना चालली पाहिजे. म्हणून प्रत्येक सुरातनं थोडं थोडं काढून दुसऱ्याला दिलेलं असतं. पंचमाचं नुकसान थोडं, कळतही नाही. गंधाराचं नुकसान मोठं. धैवत आणि निषादाचंही आहे.

कानानं ओळखायची सोपी खूण सांगतो बघा. तंबोरा बाजूला ठेवा. पेटीवर सा आणि गंधार एकत्र दाबा, भाता एकसारखा हलका ठेवा. आवाजात घरघर येते ती नुसती घरघर नाही, लाट आहे. सेकंदाला आठ-नऊ वेळा उठते-बसते. आता सा आणि पंचम दाबा. लाट आहे, पण सेकंदाला एखादीच, सावकाश. आम्ही लाटा मोजूनच सूर लावतो, मोबाइल आत्ता आत्ता आला.

आणि भाता जोरात दाबू नका. दाब वाढला की सूर किंचित उतरतो. ट्यूनर लावून बसलेले लोक भाता हापसतात आणि मग म्हणतात काटा हलतोय.

दशमान

भातावाल्यांनी कानाची बाजू सांगितली, मी आकड्यांची सांगतो. निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

जुन्या पुस्तकांत सा सेकंदाला २४० कंपनांचा धरून हिशेब करतात. तुमची काळी पाच २३३ ची आहे, म्हणजे जवळपास तोच. कोणतीही तार एकाच कंपनानं वाजत नाही. सा २४० असेल तर तिच्यात ४८०, ७२०, ९६०, १२०० हेही असतात. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे वरचा पंचम, पाचपट म्हणजे वरचा गंधार. खर्ज १२० चा, त्याची पाचपट ६००. हाच गुरुजींनी ऐकवलेला गंधार, याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ६०० म्हणजे मध्य सप्तकात ३००. साधं प्रमाण, ५ ला ४.

पेटीचा गंधार ३०२.३८ आहे. कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि गंधार चौथ्या भागावर येतो. फरक सव्वादोन-अडीच कंपनांचा. मग भातावाल्यांच्या आठ-नऊ लाटा कुठून आल्या? सा ची पाचपट १२००, पेटीच्या गंधाराची चौपट १२०९.५. दोन्ही एकाच वेळी वाजतात, त्यांची वजाबाकी साडेनऊ. तुमच्या कानाला घासतं ते हे. पंचमाचं तसंच करून बघा. शुद्ध पंचम ३६०, पेटीचा ३५९.५९. सा ची तिप्पट ७२०, पेटीच्या पंचमाची दुप्पट ७१९.२. सेकंदाला एकही पूर्ण लाट नाही.

सूक्ष्म अंतरं सांगायला सेंट हे माप वापरतात. ते अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये मांडलं. सप्तकाचे १२०० सेंट, पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १००. पेटीचा गंधार ४०० वर, तंबोऱ्याचा ३८६.३ वर. फरक पावणेचौदा सेंट.

आता खरी गंमत. पंचमाच्या उड्या मारत गंधारापर्यंत जाता येतं. सा वरून प, प वरून रे, रे वरून ध, ध वरून ग. चार उड्या, प्रत्येक अगदी शुद्ध घ्यायची, वर गेलं की सप्तकं खाली आणायची. जो गंधार मिळतो तो ३०३.७५ चा, म्हणजे ४०८ सेंट. तारेतला ३८६. दोघेही शुद्धच म्हणवून घेणार आणि दोघांत २१.५ सेंटचं अंतर. ८१ ला ८०. यालाच आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात. जगातली कोणतीही पट्ट्यांची वाद्यं जुळवताना अडचण येते ती या एका तुकड्यामुळे. पंचम शुद्ध ठेवाल तर गंधार जातो, गंधार ठेवाल तर एखादा पंचम जातो. बारा सारखे भाग हा त्यावरचा एक तोडगा आहे. तो सूर शुद्ध करत नाही, तंटा सगळ्यांत वाटून देतो.

इस्लामपूरकर

सर, एक शंका. मी कीबोर्ड वाजवतो, त्यात सप्तकाचे हवे तेवढे भाग करता येतात. आपल्या सप्तकात बावीस श्रुती, म्हणजे सुरांच्या सूक्ष्म जागा, आहेत ना? मग मी बावीस सारखे भाग केले, पण पंचम ऐकवेना. नीट केलं नाही का?

दशमान

नीटच केलंत, कल्पना चुकली. बावीस श्रुती सारख्या नाहीत. बावीस सारखे भाग केले तर एक भाग ५४.५ सेंटचा होतो, तेरावा भाग ७०९ वर पडतो. शुद्ध पंचम ७०२ चा. सात सेंट चढलेला पंचम तंबोऱ्याला सवयीच्या कानाला टोचणारच.

आज जी मांडणी बहुतेक जण सांगतात तिच्यात सा आणि प अचल, त्यांना एकेकच जागा. उरलेल्या दहा सुरांना दोन-दोन जागा, एक उतरी, एक चढी. दोन आणि वीस, बावीस. प्रत्येक जोडीतलं अंतर तीच प्रमाणश्रुती. एका सप्तकात अंतरं तीनच प्रकारची येतात: २१.५ सेंटची दहा, ७०.७ सेंटची पाच, ९०.२ सेंटची सात. कागदावर बेरीज करा, १२०० येते. मी पहिल्यांदा केली तेव्हा रात्री साडेअकरा वाजले होते आणि बायकोला उठवून दाखवली होती.

तुम्हाला सारखेच भाग हवे असतील तर ५३ करा. एक भाग २२.६ सेंट, म्हणजे जवळपास प्रमाणश्रुतीच. एकतिसावा भाग पंचम, चुकीला जागाच नाही म्हणा. सतरावा भाग तारेतला गंधार, दीड सेंटनं उतरलेला. इंग्लंडात बोझांके यांनी १८७० च्या दशकात अशी ५३ भागांची पेटी प्रत्यक्ष बनवली होती.

तरफ

सर, आकडे मान्य. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

हा सगळा विषय आपल्या गावाचा आहे हे किती जणांना माहीत आहे? कृष्णाजी बल्लाळ देवल सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक छापलं. त्यांच्याबरोबर क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी या दोघांच्या प्रयोगांना साथ दिली. त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली, १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला. खाँसाहेब १९३७ साली गेले, मिरजेत दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, दर वर्षी उरुसाला तिथे गाणं होतं. रात्रभर बसून ऐकलंय मी. ज्या गल्लीतनं ताईंनी तंबोरा घेतला तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे श्रुती मोजणारे इथले, गाणारे इथे राहिलेले आणि वाद्य घडवणारेही इथलेच.

आता माझी हरकत. मी सतार वाजवतो. माझे पडदे दोऱ्यानं बांधलेले आहेत, सरकतात. राग बदलला की दोन-तीन पडदे सरकवतो. किती? केसभर. कधी जवारीचा, म्हणजे घोडीवरच्या झणकाराचा, आवाज मोकळा होईपर्यंत, कधी तरफा, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या तारा, आपोआप बोलायला लागेपर्यंत. मी कधीही २१.५ मोजून पडदा सरकवला नाही. भरतानं नाट्यशास्त्रात दोन वीणा सांगितल्या, एक अचल आणि एक चल. चल वीणेचा पंचम एक श्रुती उतरवायचा, मग बाकीचे सूर, आणि असं चार वेळा करत एकेक सूर दुसऱ्या वीणेच्या सुरावर जाऊन बसतो ते ऐकायचं. त्यात ८१ ला ८० कुठेही लिहिलेलं नाही. आकडा नंतरच्यांनी बसवला.

आणि १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी कलावंतांचे सूर यंत्रानं मोजले, तेव्हा एकाच मैफलीत एकाच कलावंताचा गंधारसुद्धा हलताना दिसला. दरबारीचा गंधार तर आंदोलनातच जगतो, त्याला कोणत्या खणात ठेवणार? बावीस खण करून सूर त्यात कोंबू नयेत, एवढंच म्हणणं.

दशमान

तरफ, तुमची हरकत मी मनापासून मानतो. मात्र हलणारा सूर कुठून कुठे हलतो हे सांगायला खुंटा लागतो. आकडे खुंट्यासारखे वापरावेत. त्यांना गोठा समजू नये, इथे आपण एकच आहोत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सरांची बेरीज मीही केली, १२०० आली, मुलाला दाखवली.

शनिवारी भातावाले दादा घरी आले. (आम्ही त्याआधी भेटलो नव्हतो. दादा, चहाला थांबला नाहीत त्याचं आमच्या सासूबाईंना वाईट वाटलं.) मी हट्ट धरला की माझ्या पेटीचा गंधार तंबोऱ्याला जुळवून द्याच. त्यांनी दोनदा विचारलं, "घरात अजून कोण वाजवतं?" मी म्हटलं, मीच.

काळी पाचचा गंधार म्हणजे पांढरी दोन. त्यांनी वरची फळी काढली, पितळी सुरांची ओळ उघडी पडली. इतकी वर्षं पेटी वाजवली, जीभ कधी पाहिली नव्हती. नखाएवढी रुंद, टोकाला पातळ. जिभेखाली पातळ पत्रा सरकवला आणि मुळाशी, खिळ्याजवळ, बारीक कानस तीन वेळा फिरवली. टोकाला घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो. वाजवलं, थांबले. पुन्हा दोन वेळा. "आत्ता घासून तापलाय, जरा वेळ जाऊ दे," म्हणाले आणि खर्जाच्या ओळीतला सूर घेतला. तासाभरानं परत आले तेव्हा पहिला किंचित सरकला होता, तो पुन्हा लावला.

मग मी सा आणि गंधार एकत्र दाबले. लाट नाही! आवाज नुसता उभा राहिला. तंबोरा छेडला तर पेटी कुठे संपते आणि तार कुठे सुरू होते ते कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

रविवारी पुतण्या आला. बारावीला आहे, भजनं म्हणतो, त्याची पट्टी पांढरी एक. पेटीवर बसला आणि दुसऱ्या ओळीला थांबला. "काकू, रिषभ मेलाय." त्याचा रिषभ म्हणजे माझा घासलेला गंधार. त्याला रिषभ २०४ सेंटच्या आसपास हवा, पेटी देत होती १८६ सेंटचा. आणि पांढरी पाच नि पांढरी दोन, त्याचे पंचम आणि वरचा रिषभ, एकत्र दाबले तर सेकंदाला पाच लाटा. त्या पंचमासारख्या अंतराला कुणी शुद्ध म्हणू शकणार नाही. एका सुराचं सुख घेतलं ते कुठल्या कुठे जाऊन बोचलं.

तेव्हा दादांचा दोनदा विचारलेला प्रश्न कळला. सरांनी तंटा वाटून देतो म्हटलं होतं तेही कळलं. आता विचारते, दोन्ही साधेल असं काही आहे का?

भातावाले

ताई, एका पेटीत नाही. स्केल चेंजर घेतली तरी फक्त पट्ट्यांची फळी सरकते, आतले सूर तेच. घासलेला सूर घासलेलाच. परत आणायचा तर टोकाला घासून वर आणतो, पण जीभ दर खेपेला पातळ होते, सारखं करायचं काम नाही. एकदा करू, मग हात लावायचा नाही.

आणि समजा सगळे सूर तुमच्या काळी पाचला शुद्ध लावले, तरी रिषभ-धैवताचं भांडण राहतंच. सरांच्या हिशेबात रिषभ २७०, धैवत ४००. रिषभावरनं पंचमाची उडी मारली तर ४०५ पाहिजे. आमच्या वडिलांची जुनी वही आहे, तिच्यात या जागी नुसतं "लांडगा" लिहिलंय. तो सूर खरंच ओरडतो.

विटेकर

यावरचा एक उपाय डॉ. विद्याधर ओक यांनी केला आहे, बावीस श्रुतींची पेटी. सुराला उतरी किंवा चढी जागा निवडायला खटके आहेत. मी एकदा जवळून ऐकली, भैरवच्या आणि भैरवीच्या कोमल रिषभात फरक दिसतो. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही आणि सूर बांधलेले राहतात म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंद ठेवली होती, हे नव्या मुलांना सांगितलं पाहिजे. मला स्वतःला ती बंदी पटत नाही. महाराष्ट्रातलं घराघरातलं गाणं पेटीनं जगवलं.

तरफ

ताई, पेटी परत सारखी करून घ्या आणि पुतण्याला द्या. रियाज तंबोऱ्यावर करा. आणि एक प्रयोग नक्की करा. पंचमाची तार उतरवून मध्यमाला लावा आणि बागेश्रीचा धैवत लावा. मग भूपाचा धैवत पंचमाच्या तारेवर लावा. काय होतं ते इथे लिहा. मी आधी सांगणार नाही.

कृष्णाकाठ

पंधरा दिवसांनी लिहिते आहे. दादांनी पेटी सारखी करून दिली, पुतण्या घेऊन गेला. घरात आता फक्त तंबोरा आहे. पहिले तीन दिवस आधार गेल्यासारखं वाटलं, गळा पट्टी शोधायचा. चौथ्या दिवसापासून तारेत शोधायला लागला.

तरफ यांचा प्रयोग काल रात्री केला. आधी पंचमाची तार. सरांकडून शिकले तसा हिशेब मांडला: मंद्र पंचम १८०, त्याची तिप्पट ५४०, म्हणजे रिषभ २७०. पाचपट ९००, म्हणजे निषाद ४५०. तार मला रिषभ देते, निषाद देते, खर्ज गंधार देतो. धैवत कुणीच थेट देत नाही. भूपात धैवत लावला तर गळा रिषभावरून तोलून धैवत घेत होता, थोडा चढा. ४०५ कडे झुकणारा असावा.

मग खुंटी सैल केली, पंचम मध्यमावर आणला. घोडीवरचा जवारीचा दोरा थोडा सरकवावा लागला, आधी तार मुकी झाली होती. मध्यम १६०. त्याची पाचपट ८००. धैवत ४००! लिहून झाल्यावर मी डोळे मिटले आणि बागेश्रीतला ध लावला. आधीच्या जागी लावला तर तारेनं घेतला नाही. किंचित सोडला, खाली येऊ दिला, आणि मध्यमाच्या तारेतून वरच्या सप्तकात धैवत वाजू लागला. मी गायचं थांबले तरी तो दोन क्षण वाजत होता.

सकाळी गुरुजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सोमवारी या. पंचमाची तार मध्यमालाच राहू द्या. बागेश्री सुरू करू."